आधी ओळ, मग झाड

आलेख शिकताना आपली मुलगी (२, ५) आणि (५, २) हे बिंदू एकच समजते, असं एका ताईंनी लिहिलंय. माझ्या भाचीचंही तेच व्हायचं. दिंडोरीला आमच्या द्राक्षबागेत नेऊन म्हटलं, दुसऱ्या ओळीतलं पाचवं झाड दाखव, आता पाचव्या ओळीतलं दुसरं. दोन्हीकडे चालत गेली आणि फरक तिथेच कळला.

समीकरणावरून रेषा काढायला शिकवताना बागेतलाच हौद घेतला. तळाशी आधीच ३ इंच पाणी, मोटर लावल्यावर तासाला २ इंच चढतं: य = २क्ष + ३ (क्ष म्हणजे तास, य म्हणजे पाण्याची उंची इंचांत). ग्राफपेपरवर (०, ३), (१, ५), (२, ७) मांडले. रेषेला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा घ्यायला लावाच. चूक असेल तर तो रेषेबाहेर पडतो. हौद रिकामा होताना रेषेचा चढ (क्ष एकाने वाढला की य किती बदलतो) ऋण येतो, तेही तिथेच दाखवा.