झटपट जेवण: सहाला घरी पोचून सातला ताटं मांडता येतील का?

पहिलं पत्र

नमस्कार मंडळी,

मागच्या भेटीत तीन-चार जणींशी हाच विषय निघाला होता, म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे. आम्ही दोघंही सहाच्या सुमारास घरी येतो. मुलं सात आणि दहा वर्षांची. त्यांना साडेआठला झोपवायचं असतं आणि जेवण ताटात पडायलाच पावणेआठ होतात. तोवर त्यांनी बिस्किटं खाऊन भूक मारलेली असते. 'वीस मिनिटांत तयार' म्हणून सांगितलेल्या कृती करून पाहिल्या, पण एकही पन्नास मिनिटांच्या आत झाली नाही. माझा हात काही संथ नाही. मग वेळ जातो कुठे?

पदार्थांची नावं सुचवू नका, ती माझ्याकडे भरपूर आहेत. तुम्ही वेळ कसा वाचवता ते मनापासून सांगा.

– दोन शाळकरी मुलांची आई

उत्तर

अगं, तुझा हात संथ नाहीच. कृती लिहिणारे 'कांदा बारीक चिरून' असं म्हणतात आणि घड्याळ त्यानंतर सुरू करतात. सोलणं, चिरणं, धुणं हे त्या वीस मिनिटांत धरलेलंच नसतं. आणि 'कांदा पाच मिनिटं तांबूस होईपर्यंत परता' हे वाक्य तर मला मुळीच पटत नाही. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत कांद्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि त्याशिवाय कांदा रंग धरत नाही. पाच मिनिटांत तो फक्त पारदर्शक होतो. नीट तांबूस व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो.

माझी मुलं लहान होती तेव्हा मी एक आठवडाभर कागद घेऊन मिनिटं टिपली होती. चार गोष्टींनी सगळी संध्याकाळ खाल्ली होती: कांदा परतणं, डाळ किंवा कडधान्य शिजणं, चिरणं, आणि 'आज काय करायचं' हा प्रश्न. शेवटचा सगळ्यात महाग. फ्रीजचं दार उघडून उभं राहण्यात दहा-पंधरा मिनिटं जायची, आणि त्या वेळात गॅसवर काहीच नसायचं.

म्हणून पहिलं काम हे की वारच ठरवून टाकले. सोमवार डाळीचा, मंगळवार अंड्यांचा, बुधवार कडधान्याचा, गुरुवार उरल्यासुरल्याचा, शुक्रवार मुलांच्या आवडीचा. पदार्थ दर आठवड्याला बदलू दे, वार बदलायचा नाही. त्यामुळे मंगळवारी दोन दिवसांचं कडधान्य भिजत घालायचं हे आपोआप लक्षात राहतं.

दुसरं, रविवारी कांदा. मोठी जाड बुडाची कढई घे. चिरलेला कांदा, मीठ आणि थोडं पाणी घालून झाकण ठेव. दहा मिनिटांत तो बसतो. मग झाकण काढ, पाणी आटू दे, तेल घाल आणि मंद आचेवर परत. आधी झाकण ठेवल्यानं सारखं ढवळत उभं राहावं लागत नाही. कढईत मावता मावत नव्हता तो ढीग शेवटी दोन-तीन वाट्याच उरतो. तो बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठव आणि वड्या पिशवीत काढून ठेव. संध्याकाळी दोन वड्या गरम तेलात टाकल्या की पाऊण तासाचं काम दोन मिनिटांत झालं. आलं-लसणाच्या वाटणाचंही तेच.

एकच सांगते, रविवारी पाच दिवसांचा स्वयंपाक करून ठेवू नकोस. मी दोन महिने केला होता. रविवार गेला आणि गुरुवारपर्यंत त्या जेवणाला कुणी हात लावेना. जे संथ आहे तेवढंच आधी करायचं. ताजं, कुरकुरीत, हिरवं ते त्या त्या संध्याकाळी.

– तुझी मावशी

उत्तर

मावशींचं पूर्ण पटलं. फक्त गुरुवारच्या 'उरल्यासुरल्या'बद्दल काळजीनं लिहितो. मी नोकरीभर अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो.

भाताकडे विशेष लक्ष द्या. तांदळात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणजे भात पुन्हा वाफाळेपर्यंत गरम करूनही उपयोग नसतो. त्यामुळे उरलेला भात पसरट ताटात काढून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. सोमवारचा भात गुरुवारी नको. बाकीचं शिजवलेलं तीन ते चार दिवस चालतं. फ्रीज ५ अंश सेल्सियसच्या खाली हवा आणि फ्रीजर उणे १८ वर. गरम करताना मध्यभागी ७५ अंश तरी गाठले पाहिजेत. वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोठं पातेलं झाकून ठेवलं तर त्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि जिवाणूंना तेच आवडतं.

डाळ गोठवायची असेल तर उंच डब्यात घालू नका. पिशवीत भरून, हवा काढून, आडवी चपटी करून गोठवा. दोन सेंटीमीटर जाडीची लादी गरम पातेल्यात लगेच सुटते, डब्यातला गोळा मात्र बाहेरून करपतो आणि आत बर्फच राहतो. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ पाव होतो. बटाट्याच्या फोडींनाही हेच लागू. अख्खा बटाटा उकडत बसण्यापेक्षा सेंटीमीटरभर फोडी करा, दहा मिनिटांत मऊ होतात.

प्रेशर कुकरचं गणितही एकदा समजून घ्या. आतलं पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून शिजायचा वेळ कमी लागतो. पण वाफ धरायला दहा मिनिटं आणि वाफ जिरायला दहा मिनिटं, ही वीस मिनिटं कुणी मोजत नाही. मसूर डाळ न भिजवता, उघड्या पातेल्यातच वीस मिनिटांत शिजते. तिला कुकर लावून काहीच वाचत नाही. हरभरा, राजमा असेल तर मात्र कुकरच. आणि टोमॅटो किंवा चिंच आधी घालू नका. आंबटात कडधान्य मऊ व्हायला फार वेळ घेतं.

– काका

उत्तर

काकांनी राजम्याचं नाव काढलं म्हणून घाईनं लिहितोय. आमच्याकडे स्लो कुकर आहे. सकाळी लावून गेलं की संध्याकाळी तयार, अशी सोय. एकदा मी भिजवलेला राजमा थेट त्यात घातला. रात्री आम्हा तिघांनाही उलट्या झाल्या. नंतर कळलं की कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. मंद आचेवर ते जात नाही, उलट अर्धवट तापल्यानं त्रास वाढू शकतो. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळवायचा (मी अर्धा तास उकळवतो), मगच स्लो कुकरमध्ये. किंवा सरळ प्रेशर कुकर. कृपा करून हे कुणीही विसरू नका.

बाकी माझ्याकडून एकच: गोठवलेले मटार, मका, फरसबी यांना कमी लेखू नका. त्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेल्या असतात, म्हणून चार-पाच मिनिटांत होतात. सोलणं नाही, चिरणं नाही. आणि पसरट तव्यावर एका थरात परता. दाटीवाटी केली की भाजी स्वतःच्याच पाण्यात उकडत बसते.

– एक बाबा

दोन आठवड्यांनी

मावशी, काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

वार ठरवल्याचा फरक पहिल्याच सोमवारी दिसला. दार उघडून आत आल्यावर बूट काढायच्या आधी मसूर गॅसवर होती, कारण विचार करायचा नव्हता. कांद्याच्या वड्या तर आता घरात मोजून ठेवतो. परवा सहा वाजून पन्नास मिनिटांनी चौघंही ताटावर होतो आणि धाकट्यानं दोनदा वाढून घेतलं. मला फार बरं वाटलं.

फसलं तेही सांगते. उकडलेले बटाटे गोठवले होते, ते बाहेर काढल्यावर रवाळ आणि पाणचट झाले. ते पुन्हा करणार नाही. उकडलेली अंडी मात्र सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतात. मोठी आता शाळेतून आल्यावर स्वतः एक सोलून खाते, त्यामुळे बिस्किटं आपोआप कमी झाली. भात पसरून ठेवायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, रात्रीची भांडी आवरण्याआधी.

फक्त गुरुवार अजून बसत नाही. त्या दिवशी आम्ही दोघंही सातनंतर पोचतो आणि शेजारच्या आजी मुलांजवळ असतात. त्यांना गॅसपाशी उभं करायचं नाही, आणि थंड जेवण मुलांना नको असतं. ज्यांच्या घरी असा एखादा वार आहे त्यांनी कसं जमवलं ते जरूर लिहा.

– दोन शाळकरी मुलांची आई