ड्रॉप टेबलचा पेल्विक भाग थ्रस्टच्या आधीच खाली पडतो, मदत हवी आहे

कायरोप्रॅक्टिकचं (हाताने मणक्यांवर उपचार करण्याचं) हाताने कॉक करायचं, म्हणजे भाग उचलून खटक्यावर बसवायचं ड्रॉप टेबल आहे, मोटर नाही. थ्रस्ट (हाताचा झटकन दाब) दिला की तो भाग थोडा खाली पडायला हवा. पेल्विक (कमरेखालचा) भाग उचलला की खटका 'टक्' करून बसतो. पण ८० किलोच्या वरचा पेशंट पालथा झोपला की नुसत्या श्वासावर भाग पडतो. हलक्या पेशंटला अडचण नाही. टेन्शनचा नॉब पूर्ण आवळलाय, शेवटच्या दोन फेऱ्यांत तर काहीच फरक जाणवत नाही. खटक्यावरची चिकट जुनी ग्रीस पुसली, बिजागरी तपासली, गादीचे स्क्रू घट्ट केले. छातीचा ड्रॉप त्याच पेशंटला नीट धरतो. फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन टेबल (कंबर वाकवून हळूहळू ताण देणारं) कृपया सुचवू नका, काम ड्रॉपचंच आहे. स्प्रिंग ढिली पडलीय की खटक्याची कड झिजलीय, हे सगळं उघडण्याआधी कसं ओळखायचं?