तळाला बॉल बेअरिंग नको, टेफ्लॉन लावा

घरी बनवलेल्या दुर्बिणीची नळी प्लायवूडच्या फिरत्या पेटीत बसवा आणि पेटीच्या तळाच्या फळीला बॉल बेअरिंगची चकती लावा, म्हणजे दुर्बीण लोण्यासारखी फिरेल, असं एकाने सुचवलंय. प्लायवूडच्या पेटीची कल्पना उत्तमच, पण बेअरिंगला माझा ठाम विरोध. ती इतकी सैल फिरते की गच्चीवर जरा वारा सुटला तरी शनी नजरेतून निसटतो. हौशी खगोलनिरीक्षक जॉन डॉब्सन यांच्या धाटणीच्या माउंटमध्ये (दुर्बीण पेलणाऱ्या बैठकीत) टेफ्लॉन या गुळगुळीत प्लास्टिकच्या तीन तुकड्यांवर फिरत्या पेटीखालची खरखरीत सनमायका टेकते. टेफ्लॉनचं स्थिर घर्षण (हलायला सुरुवात होतानाचं) आणि सरकतानाचं घर्षण जवळपास सारखंच असतं. म्हणून बोटाने ढकललं की नळी झटका न देता सरकते आणि हात काढला की तिथेच थांबते. तुकडे मात्र खालच्या तीन पायांच्या बरोबर वर हवेत, नाहीतर फळी वाकते.

मला टेफ्लॉनची कातरण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मिळाली. स्क्रूचं डोकं टेफ्लॉनमध्ये खोल बसवा, वर राहिलं तर सनमायकावर चरे पडतात. आणि प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्याच. आपल्या नाशिकच्या पावसाळ्यात त्या कडा फुगतात आणि मग पेटीच्या बाजू नळीला घासायला लागतात.