मॅनेज्ड होस्टिंगला दुप्पट पैसे मोजायचे का? (चपलांच्या दुकानाचा प्रश्न)

निपाणीकर
आमचं चपलांचं ऑनलाइन दुकान हाय. माल अथणीच्या कारागिरांकडनं येतो, पॅकिंग आणि कुरिअर निपाणीतनं. कोल्हापुरी म्हटलं की लोकांना फक्त कोल्हापूर आठवतं. जीआय (भौगोलिक) मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे हायत तसे कर्नाटकाचेबी चार, आणि बेळगाव त्यातलं एक. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, म्हणून इथंबी सांगितलं.

दुकान वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान थाटायचं सॉफ्टवेअर), अनमॅनेज्ड क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे सर्व्हर भाड्याचा, देखभाल आपली आपण. 4 जीबी रॅम. भाच्यानं उभं करून दिलं, तो आता पुण्याला नोकरीत. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, त्या आठवड्यात आमच्याकडं लोक तुटून पडले. भर दुपारी साइट बसली. काहीजणांचे यूपीआयनं पैसे कापले गेले आणि आमच्याकडं ऑर्डर 'पेंडिंग'. दोन दिवस मी फोनवर माफी मागत होतो आणि भाचा मीटिंगमध्ये.

सध्या महिन्याला 2,100 रुपये जातात. मॅनेज्डवाला, म्हणजे देखभालबी करून देणारा, तेवढ्याच सर्व्हरचे 4,800 सांगतोय. माझं मत, देऊन मोकळं व्हावं. बायको म्हणते, वर्षाचे बत्तीस हजार जादा. तेवढ्यात दिवाळीला दोन महिने पॅकिंगला माणूस मिळतो.

टिळकवाडी
सर्व्हर सांभाळणं हीच माझी नोकरी आहे, आणि मी म्हणतो द्या. जूनमध्ये काय झालं असणार ते सांगतो. कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या पानांतून) न जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला पीएचपीची (तुमचं दुकान ज्या भाषेत चालतं तिची) एक प्रोसेस लागते, ती 70-80 एमबी खाते. पन्नास जण एकदम आले की रॅम संपली. मग लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम, स्वतःच एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतं, आणि तुमच्यासारख्या सर्व्हरवर ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल, म्हणजे ऑर्डरी साठवणारा डेटाबेस, असते. डेटाबेसच मेला तर पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) 'पैसे आले' हा निरोप घेणार कोण? पैसे कापले आणि ऑर्डर लटकली, ती अशी.

पीएचपीच्या प्रोसेस किती होऊ द्यायच्या, ही एका ओळीची सेटिंग आहे. जागा असलेला माणूस दहा मिनिटांत करतो. जादाचे 2,700 त्या जाग्या माणसाचे आहेत. भाचा असणं म्हणजे व्यवस्था असणं नव्हे. आणि उबुंटू (तुमच्या सर्व्हरवरचं लिनक्स) कुठलं आहे तेही त्याला विचारा. 20.04 असेल तर त्याचा फुकटचा सपोर्ट मे 2025 मध्येच संपलाय.

खानापूरचं पोर
मर्दा, जागा माणूस कुठला? तीन वर्षं मॅनेज्ड वापरलं मी. एक दिवस माझ्या पण ऑर्डरी पेंडिंग पडायला लागल्या. चॅटवर उत्तर काय, तर 'सर्व्हर चालू आहे, तुमच्या प्लगइनमध्ये (दुकानाला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) बघा'. दर तासाला नवा माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून रामायण. सहा तासांनी कळलं की त्यांच्याच फायरवॉलनं गेटवेचा वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा निरोप, अडवला होता. मला रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नव्हतं, लॉग (सर्व्हरच्या नोंदी) बघता येत नव्हते. घर माझं, पण कुलपाची किल्ली त्यांच्याकडं.

टिळकवाडी
तो कंपनीचा दोष झाला, पद्धतीचा नव्हे. 'मॅनेज्ड' शब्दावर पैसे देऊच नयेत. आत काय काय आहे ते विचारायचं: ऑपरेटिंग सिस्टमचे पॅच (दुरुस्त्या)? पीएचपीची आवृत्ती? बॅकअप घेणं आणि तो परत चढवून देणं? प्लगइनचे अपडेट बहुतेक ठिकाणी तुमच्याच गळ्यात राहतात.

चिकोडीची सून
मी मसाल्यांचं दुकान चालवते. संकेश्वरी मिरचीचा सीझन आला की आमचीबी अशीच झुंबड असते. अनमॅनेज्ड हाय, आणि मीच बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही हो, बघून बघून शिकले. महिन्यातनं एका रविवारी दोन तास.

दादा, एक हिशेब करा की. 4,800 देऊनबी रॅम तीच 4 जीबी. वाढणार काय? कॅश लावून देतो म्हणतील, पण कार्ट आणि चेकआउटची पानं कॅश करता येत नाहीत, आणि मरण तिथंच होतं. मी सीझनला तोच सर्व्हर 8 जीबी करते, नंतर परत खाली आणते. थोडा वेळ बंद ठेवावा लागतो, ते पहाटे उरकायचं. डिस्क तेवढी वाढवायची नाही, ती परत लहान होत नाही.

आणि सर्व्हरवाल्याकडंच ठेवलेल्या स्नॅपशॉटला (अख्ख्या सर्व्हरच्या प्रतीला) बॅकअप समजू नका. मी घरच्या डिस्कवर उतरवून घेते. एकदा सहज म्हणून नव्या सर्व्हरवर चढवून बघितलं, तर दुकान उघडलं आणि एकाबी मसाल्याचा फोटो नाही! इमेजेसचं फोल्डर बॅकअपमध्ये कधी घेतलंच नव्हतं.

टिळकवाडी
अक्का, मानलं. पण तुमचा सीझन पंचांगात दिसतो. प्राडा येणार हे निपाणीकरांना कुणी सांगितलं होतं? आणि सर्व्हरमध्ये कोणी घुसलं तर? सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) 2022 च्या आदेशाप्रमाणे सहा तासांत कळवायचं, 180 दिवसांचे लॉग ठेवायचे. रविवारपर्यंत थांबता येत नाही.

चिकोडीची सून
सहा तासांचं मला माहीत नव्हतं. लॉग तर महिनाभराचेच ठेवते. बघते.

वडगाववाला
काय पण घ्या, सर्व्हर मुंबईचा घ्या. बेंगळूरचा नको.

खानापूरचं पोर
झालं सुरू! सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात हाय तेवढा बास की. ॲमेझॉनचं सर्व्हर केंद्र मुंबईला हाय, डिजिटलओशनचं बेंगळूरला. निपाणीतनं बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

निपाणीकर, तिसरी वाट सांगतो. आता मी पण अनमॅनेज्डच घेतलंय, आणि कोल्हापूरचा एक पोरगा महिन्याला 1,500 घेऊन बघतो. फोन उचलतो, मराठीत बोलतो.

टिळकवाडी
आणि त्याला नोकरी लागली की तो पण भाचाच.

निपाणीकर
मॅनेज्डवाल्याला फोन केला. पॅच आणि पीएचपीचं 'हो' म्हणाला. रविवारी रात्री बॅकअप चढवायला किती वेळ लागेल विचारलं, तर 'टीमला विचारून सांगतो', त्याला आता तीन दिवस झाले. भाच्याला विचारलं, उबुंटू 20.04 च निघालं. तो शनिवारी येतोय. आधी ती एका ओळीची सेटिंग आणि नवं उबुंटू करून घेतो, 4,800 चं दिवाळीआधी बघू. बायको खूश.

चिकोडीच्या अक्का, ते इमेजेसच्या फोल्डरचं जरा सविस्तर सांगा. आत्ता उघडून बघितलं, आमच्या बॅकअपमध्येबी नुसता डेटाबेसच दिसतोय.