सहा जण नाला ओलांडून गेले, सतरा परत फिरलो. लीडर चुकला का?

राजेंद्रनगरकर
मंडळी, यावरून आमच्या घरात चार दिवस भांडण चालू आहे म्हणून शेवटी इथेच टाकतो. मागच्या रविवारी इंदूरहून तेवीस जण पातालपानीच्या धबधब्याला गेलो, मी आणि बायको त्यात. पातालपानीहून घाट उतरून कालाकुंडपर्यंत चालत जायचं, तिथे कलाकंद खायचा आणि हेरिटेज ट्रेनने वर यायचं असा प्लॅन, तिकिटं काढलेली. माणशी साडेसहाशे, त्यात पोहे-जिलबी आणि एक टोपी. सोबत लीडर, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, आणि त्याच्या मदतीला कॉलेजातला एक पोरगा.

वाटेत एक नाला लागतो. पोचलो तेव्हा पाणी घोट्याच्या जरा वर, आमच्या डोक्यावर ऊन, पण महूकडे आभाळ काळंकुट्ट. लीडरने काठाच्या उतारावर तीन दगड मांडले, एक पाण्याला लागून, दुसरा वीतभर वर, तिसरा त्याच्याही वर, आणि म्हणाला दहा मिनिटं कोणी हलायचं नाही. दहा मिनिटांत पहिला दगड दिसेनासा झाला. पाण्याचा रंग चहासारखा, काटक्या आणि सागाची पानं वाहत यायला लागली. तो म्हणाला, चला, परत.

यावर सहा जण बिघडले. तिकिटं फुकट जातील, पाणी गुडघ्याखालीच आहे वगैरे वगैरे, आणि तो नको नको म्हणत असतानाच एकमेकांचे हात धरून पलीकडे गेले सुद्धा. मग त्याने आम्हा सतरा जणांना त्या पोराबरोबर वर पाठवलं आणि स्वतः तिथेच काठावर बसला, ते सहा परत आले तर म्हणून. आम्हाला चढावर पाऊस लागला, काळी माती, एकेका बुटाला किलोभर चिखल, एका काकूंचा पाय मुरगळला आणि क्रेप बँडेजची पिशवी कुठे तर लीडरच्या सॅकमध्ये! शेवटी माझी ओढणी गेली, म्हणजे बायकोची. लीडर दोन तासांनी आला. आणि ते सहा आरामात गाडीने वर आले, हातात पळसाच्या पानातल्या कलाकंदाच्या पुड्या.

माझं मत, परत फिरवलं ते शंभर टक्के बरोबर. पण ज्यांनी ऐकलं त्यांना सोडून, ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी बसून राहिला हे चूक.

पलीकडचा सहावा
त्या सहातला एक मी. लेखकाने गोष्ट बरोबर सांगितली पण ‘बिघडले’ वगैरे काय, आम्ही शाळेच्या सहलीला आलो नव्हतो. पाणी माझ्या गुडघ्याच्या खाली होतं. तीन दगड ठेवून नदीचं भविष्य सांगतात का कुठे? लीडरकडे साधा दोर नव्हता, तो असता तर तेवीसच्या तेवीस दहा मिनिटांत पलीकडे गेले असते. पुढे पायवाट पाण्याखाली होती म्हणून आम्ही रुळांवर चढलो आणि लाईनने कालाकुंड गाठलं, कोणाला ओरखडासुद्धा नाही. पैसे कालाकुंडचे दिले होते, टोपीचे नाही.

महूवाली
दादा, मी महूचीच. जुलै २०११ मध्ये याच पातालपानीला एकाच घरातली माणसं धबधब्याच्या वरच्या खडकांवर होती, बघता बघता पाणी वाढलं, मधोमध अडकली आणि वाहून गेली, तिघं गेले. तो व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. तुम्ही इंदूरचे असून ‘तीन दगड’ म्हणून हसता? आमच्याकडे वर पाऊस कोसळतो ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, तोवर खाली तुम्ही उन्हात सेल्फी काढत असता. रंग बदलला आणि पाचोळा आला की मागून लोंढा येतोय समजायचं, हे इथल्या गुराख्याच्या पोराला पण माहीत असतं.

आणि रुळांवरून गेलो हे इतकं बिनधास्त लिहिताय! रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, त्या घाटात बोगदे आहेत, आत असताना समोरून काही आलं तर उभे कुठे राहणार होतात?

पलीकडचा सहावा
गाडीची वेळ माहीत होती ताई.

महूवाली
पॅसेंजरची माहीत होती. लाईन तपासायची ट्रॉली तुम्हाला वेळ विचारून निघते का?

सुदामानगर एक्सप्रेस
भिया मला एकच सांगा, पैसे परत मिळाले का?

राजेंद्रनगरकर
दोनशे. टोपी ठेवायला सांगितली.

जुना भटक्या
मी बरीच वर्षं पोरांना घेऊन हिंडतोय, चोरल, काजलीगड, जोगी भडक सगळं पायाखालचं, त्यामुळे जरा कडू लागेल असं लिहितो. सहा जणांनी मूर्खपणा केला, मान्य. पण मला ते तितके दोषी वाटत नाहीत जितका आयोजक वाटतो. तेवीस माणसं आणि सांभाळायला दोन, त्यातला एक अजून परीक्षा देतोय. पावसाळ्यात नाला वाढणार हे रविवारी सकाळी कळलं का? पोहे खातानाच सांगायचं असतं की नाल्यावर मी फिरा म्हटलं की फिरायचं, ज्याला पटत नाही त्याने इथेच पैसे परत घ्यावेत. पाण्याच्या काठावर, तिकिटं खिशात असताना कोणी ऐकत नसतं. दुसरा प्लॅन तयार हवा होता. जानापावला न्यायचं, चंबळ तिथून निघते, वर परशुरामाचं देऊळ, अख्ख्या माळव्याचा नजारा आणि वाटेत असला नाला नाही. लोकांना काहीतरी मिळालं की बंड होत नाही.

दोराचं म्हणाल तर, वाहत्या पाण्यात माणसाला दोर बांधला आणि तो पडला की दोर ताणून बसतो आणि पाणी त्याला खाली दाबतं. ज्याला येतं त्याच्या हातात दोर ठीक, नाहीतर नसलेला बरा. तो आणला नाही याबद्दल मी त्या पोराला मार्कच देईन.

मात्र औषधाची पिशवी स्वतःकडे ठेवली याला माफी नाही. जिकडे जास्त माणसं तिकडे पिशवी.

पलीकडचा सहावा
म्हणजे चूक आयोजकाची हे तुम्हीही म्हणताय. मग मी वेगळं काय म्हणालो?

जुना भटक्या
तुम्ही म्हणताय नाला ओलांडू दिला नाही ही चूक. मी म्हणतोय तुम्हाला घरून आणलं ही चूक.

रामबागची
हाहाहा.
पण मला सहाव्याचं थोडं पटतं. हल्ली कुठेही जा, थेंब पडला की परत चला, जबाबदारी नको म्हणून. मग आयुष्यभर रालामंडल टेकडीच्या डांबरी रस्त्यावर चढून फोटो काढायचे का? मोठ्या माणसांना आपला धोका आपण घेऊ द्यावा. फक्त मग पाण्यात अडकल्यावर बोंबलायचं नाही.

महूवाली
बोंबलायची गरजच पडत नाही हो, आमच्या गावातली पोरं आपसूक पाण्यात उतरतात काढायला. त्यांचा धोका कोण घेतं?

राजेंद्रनगरकरांची बायको
यांच्याच फोनवरून लिहितेय, लॉगिन तेवढं माझं. अहो, सगळं लिहिलंत आणि मुख्य ते गाळलंत? सातवे तुम्ही होतात. बूट काढून गळ्यात अडकवले होते आणि एक पाय पाण्यात होता, मी मागून शर्ट धरला म्हणून इथे मतं मांडताय. दुसरा दगड त्याच वेळी गेला, तो तुम्हाला दिसलाही नाही कारण तुम्ही माझ्यावर ओरडत होतात.

आणि लीडर थांबला हे योग्यच केलं. त्या सहातला एखादा मधे पाणी बघून परत वळला असता आणि काठावर कोणीच नसतं तर? आम्ही सतरा होतो, एकमेकांना हात देऊन चढलो की नाही? काकू लंगडत का होईना पण गाणी म्हणत आल्या. तो बिचारा दोन तास पावसात एकटा बसला होता, वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि पहिलं काय विचारलं तर सतरा मोजले का. एवढं सगळं चुकलं असेल त्याचं, पिशवी चुकली, माणसं कमी आणली, पण बसला ते चुकलं नाही.

राजेंद्रनगरकर
एक पाय फक्त अंदाज घ्यायला टाकला होता.

जुना भटक्या
सगळे अंदाजच घेत असतात साहेब.

पलीकडचा सहावा
वहिनी, तो वर आला तेव्हा आम्ही स्टेशनवर होतो, त्याला सॉरी म्हणालो मी. हे कोणी लिहिलं नाही. आणि कलाकंद आम्ही सगळ्यांसाठी आणला होता, स्वतःच्या पैशाने. तेव्हा कोणी तत्त्व म्हणून नको म्हणाल्याचं आठवत नाही.

राजेंद्रनगरकरांची बायको
मी नाही घेतला. यांनी दोन पुड्या खाल्ल्या.

राजेंद्रनगरकर
एकच. दुसरी काकूंची होती, त्यांना शुगर आहे.