आफ्रिकेत वन्यजीव संवर्धनात काम करायचंय, सुरुवात कुठून?

रानमोगरी
नमस्कार मंडळी. बीएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, साताऱ्यात. पुढे आफ्रिकेत संवर्धनाचं काम करायची इच्छा आहे. सफारी गाइड व्हायचं नाही. एका एजन्सीने दक्षिण आफ्रिकेतला चार आठवड्यांचा 'सिंह संवर्धन' कार्यक्रम सुचवलाय. पावणेदोन लाख रुपये, विमानभाडं वेगळं. काम म्हणजे बछड्यांना बाटलीने दूध पाजणं, पिंजरे झाडणं, त्यांना फिरायला नेणं. शेवटी प्रमाणपत्र. याला अनुभव म्हणून किंमत आहे का? नसेल तर काय शिकावं? व्हेटरनरीकडे वळायला उशीर झालाय का? आणि परवाने, व्हिसा वगैरे भानगडी किती?

सायाळ
पैसे भरू नकोस.

बाटलीने दूध पाजायला बारा महिने बछडी उपलब्ध असतात, यातच सगळं आलं. जंगलात सिंहाचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईजवळ असतं. अशा फार्मांवर ते जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात, कारण पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते. पुढच्या गिऱ्हाइकांसाठी पुढची वीण तयार. मोठे झालेले सिंह मग कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात, नाहीतर हाडांच्या व्यापारात जातात. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेने पिंजऱ्यात वाढवलेल्या ८०० सिंहांच्या सांगाड्यांच्या निर्यातीला अधिकृत परवानगी दिली होती, यावरून व्याप्ती समजून घे.

'नंतर जंगलात सोडतो' असं सांगतील. माणसाच्या हातावर वाढलेल्या सिंहाला माणसाचं भय उरत नाही. सोडला तर तो थेट गुरांच्या वाड्यावर येणार. मुळात सिंह कमी होतायत ते जागा, भक्ष्य आणि गुराख्यांशी चालणारा झगडा यांमुळे. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून त्यातलं काहीच सुटत नाही.

एजन्सीला दोनच प्रश्न लेखी विचार: पिल्लांची आई कुठे आहे, आणि तीन वर्षांपूर्वीची पिल्लं आज कुठे आहेत? ताकास तूर लागू देणार नाहीत. बायोडेटात पिल्लू कुशीत घेतलेला अनुभव दिसला की चांगली संस्था अर्ज बाजूला ठेवते, हे वेगळंच.

ट्रान्सेक्ट
सायाळ यांच्याशी सहमत. आता काय शिकावं ते बघू.

आधी एक गोष्ट स्वच्छ समजून घे. वनरक्षक, वॉर्डन, उद्यान व्यवस्थापक ही माणसं आफ्रिकेत तिथलीच आहेत आणि तीच असायला हवीत. त्यांच्यासाठी तिथे कॉलेजं आहेत: टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी म्वेका, १९६३ पासून, फ्रेंच बोलणाऱ्या देशांसाठी कॅमेरूनमध्ये गारुआ, दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून सदर्न आफ्रिकन वाइल्डलाइफ कॉलेज. 'मला प्राणी आवडतात' एवढ्या भांडवलावर बाहेरच्याला जागा नाही. बाहेरच्याला घेतात ते मनुष्यबळ कमी पडतं अशा कौशल्यासाठी: संख्याशास्त्र, नकाशे आणि उपग्रह-माहिती, रोगनिदान, कधीकधी हिशेब आणि निधी-अहवालसुद्धा. हा शेवटचा प्रकार कुणी सांगत नाही, पण वीसहून अधिक उद्यानं चालवणाऱ्या आफ्रिकन पार्क्ससारख्या संस्थेला चांगला लेखापालही जीवशास्त्रज्ञाइतकाच लागतो.

कौशल्य म्हणजे काय, तर बिबट्यांची गणना घे. कागदावर सोपं वाटतं. बिबट्याचे दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून एका ठिकाणी रस्त्याच्या दोन बाजूंना, हालचाल टिपून आपोआप फोटो काढणारे दोन कॅमेरे. अगदी नाकासमोर नाक लावले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत शिरतो, म्हणून जरा तिरके. उंची ४० ते ५० सेंटिमीटर. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट भिंगात. दोन ठिकाणांमधलं अंतर साधारण दोन-तीन किलोमीटर, म्हणजे एखाद्या मादीचं सगळं क्षेत्र मधल्या फटीत हरवत नाही. गणना ४५ ते ६० दिवसांत उरकायची, नाहीतर मधल्या काळात जनावरं मरतात, नवी येतात आणि संख्या स्थिर असल्याचं गृहीतक मोडतं.

बिघडतं कुठे? पहिला शत्रू गवत. सॅव्हानातलं उंच गवत वाऱ्याने हललं की कॅमेरा फोटो काढतो. हजारो रिकामे फोटो, आठवड्यात कार्ड भरलेलं आणि बॅटऱ्या झोपलेल्या. समोरची चार-पाच मीटर जागा विळ्याने साफ करावीच लागते. दुसरा हत्ती: सोंडेने उपटून फेकतो, म्हणून जाड पत्र्याची पेटी आणि झाडाला बोल्ट. तरस पट्टे चावतात. पण सर्वांत महागडी चूक तारखेची. बॅटरी बदलताना काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं, आणि कुठला बिबट्या कुठे कधी दिसला याचा मेळ लागत नाही. उपाय साधा आहे: प्रत्येक भेटीत पहिला आणि शेवटचा फोटो पाटीचा. पाटीवर ठिकाणाचा क्रमांक, आणि जीपीएसवर दिसणारी तारीख व वेळ.

नंतरचं काम खुर्चीतलं: आर या संगणकीय भाषेत स्थानसापेक्ष पकड-पुनर्पकड पद्धतीने (कुठला प्राणी कुठे-कुठे पुन्हा दिसला यावरून) घनता काढणं. हे ज्याला नीट येतं त्याला कुठेही विचारतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेला गेंड्यांवरचा अभ्यासच बघ. ग्रेटर क्रुगर भागातली ११ अभयारण्यं, २०१७ ते २०२३ ची आकडेवारी; गेंड्यांची शिंगं कापल्यावर चोरटी शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटली आणि त्यासाठी संरक्षणावरच्या खर्चाचा जेमतेम १.२ टक्का लागला. करवत फिरवणारे पुष्कळ होते. त्याने फरक पडतो हे सिद्ध करायला आकडेमोड येणारी माणसं लागली.

तुझ्यासाठी मार्ग: डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचं किंवा बंगळुरूच्या एनसीबीएसचं (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचं) वन्यजीवशास्त्रातलं एमएस्सी. दोन्हीकडे जागा अगदी थोड्या, आणि प्रवेश दरवर्षी निघेलच असं नाही, तेव्हा संकेतस्थळांवर लक्ष ठेव. मग भारतातच दोन-तीन वर्षं प्रकल्प सहायक. मेळघाट-ताडोबात कॅमेरे लावलेल्या माणसाला झांबियातल्या लुआंग्वात फार वेगळं शिकावं लागत नाही. आफ्रिका त्यानंतर, पीएचडीच्या निमित्ताने.

डॉ. टिटवी
व्हेटरनरीबद्दल. बीव्हीएस्सी साडेपाच वर्षांची, प्रवेश नीटमधून. बीएस्सीनंतर वळता येतं, पण बेरीज कर: साडेपाच, वर पदव्युत्तर दोन. आणि परदेशी पदवी दक्षिण आफ्रिकेत आपोआप चालत नाही. तिथल्या पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आणि त्यासाठी परीक्षा. फक्त आफ्रिकेत भुलीचे डार्ट मारता यावेत म्हणून हा मार्ग धरू नये, असं माझं स्पष्ट मत. डार्ट मारणं हा या कामाचा सगळ्यांत छोटा भाग आहे.

मोठ्या शाकाहारी प्राण्यांसाठी एटॉर्फिन हे भुलीचं औषध वापरतात. अत्यल्प मात्रेत माणसाचा श्वास थांबवू शकतं. म्हणून एकट्याने डार्ट भरायचा नाही, हातमोजे आणि चष्मा, आणि माणसासाठीचा उतारा डार्ट भरण्याआधी शेजारी तयार. उतारा कुठे आहे आणि कसा द्यायचा हे सोबतच्या ड्रायव्हरलाही माहीत हवं, कारण डॉक्टरच आडवा पडला तर तोच टोचणार.

जनावर पडल्यावर खरी धावपळ. गेंडा एका कुशीवर पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाखाली स्नायू आणि नसा दाबल्या जातात, औषधाने श्वास आधीच मंद झालेला. त्याला शक्य तितका छातीवर बसवायचा, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, ऑक्सिजन चालू. ऊन चढण्याआधी उरकायचं, नाहीतर अंगाचं तापमान वाढत जातं. जिराफाचं आणखी अवघड. त्याला भारी मात्रा देऊन पाडतात आणि पडल्याक्षणी उतारा टोचतात, कारण भुलीत फार वेळ राहिला तर श्वास नि रक्तदाब दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणजे तो जवळजवळ जागा असतो. चार-पाच माणसं मान जमिनीवर सरळ धरून बसलेली, म्हणून उठत नाही. लाथेच्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही.

आपल्याकडचा धडा कुनोचा. नामिबियातून ८ चित्ते सप्टेंबर २०२२ मध्ये आले, दक्षिण आफ्रिकेतून १२ फेब्रुवारी २०२३ मध्ये. दक्षिण गोलार्धातलं जनावर जून ते सप्टेंबर हिवाळ्याचे दाट केस अंगावर आणतं. इथे तेव्हा पावसाळा. गळ्यातल्या रेडिओ कॉलरखाली ओल, ओलीत जखम, जखमेत अळ्या, मग रक्तात जंतुसंसर्ग. २०२३ च्या पावसाळ्यात यात चित्ते गेले. औषधाचं ज्ञान इथे सगळ्यांकडे होतं, ऋतूची सांगड मात्र उशिरा बसली. व्हेट व्हायचंच असेल तर नागपूरला गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, सुरुवात तिथून बघ.

रानमोगरी
आभार. एजन्सीला नकार कळवते. सगळीकडे 'लोकसहभाग' हा शब्द दिसतो. त्यात नेमकं काम काय असतं?

खोंड
बैठका, कुंपणं आणि वह्या. निम्मं संवर्धन हेच आहे, आणि इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

कुंपण घ्या. मासाई लोकांचा रात्रीचा गुरांचा वाडा काटेरी फांद्यांचा असतो. सिंह बहुधा आत उडी मारत नाही. वास येताच गुरं बिथरून स्वतःच काटे मोडून बाहेर पडतात आणि बाहेर मारली जातात. मग दुसऱ्या दिवशी भाले, नाहीतर मढ्यावर कीटकनाशक. विषाने सिंहाबरोबर गिधाडंही मरतात. उत्तर टांझानियात यावर निघालेला तोडगा म्हणजे जिवंत कुंपण: कोमिफोराचे सोट जमिनीत रोवायचे, त्यांना साखळी जाळी ठोकायची. सोटाला पालवी फुटते, मुळं धरतात, आणि नेहमीच्या लाकडी खांबासारखी वाळवी लागत नाही. कोमिफोरा म्हणजे आपल्या गुग्गुळाच्या गणातलंच झाड.

फसतं ते दोन ठिकाणी. फाटक: जाळी भक्कम आणि फाटकाला नुसती काट्याची फांदी. आणि तळ: जाळी जमिनीत पुरली नाही तर तरस उकरून आत. तिसरं कारण माणसांचं. जाळी पूर्ण फुकट वाटली की दुरुस्ती कुणाचीच नसते. घरधन्याने खर्चाचा वाटा उचलला, मजुरी स्वतः केली, की तो पाचव्या वर्षीही तार ताणून ठेवतो.

वह्यांचं म्हणाल तर नामिबिया बघा. १९९६ च्या कायद्याने तिथे गावसमूहांना आपल्या हद्दीतल्या वन्यजीवांवर हक्क मिळाले. त्यांचे रक्षक 'इव्हेंट बुक' भरतात. कागदच, ॲप नाही: पिवळ्या पानावर रोजची घटना, निळ्यावर महिन्याचा तक्ता, लालवर वर्षानुवर्षांचा कल. वही गावातच राहते. बाहेरून आलेल्या हुशार मंडळींना ती मोबाइलवर न्यायची फार घाई असते. पण मग आकडे राजधानीत जातात आणि रक्षकाला स्वतःच्याच भागातला कल दिसेनासा होतो. अशा ठिकाणी काम करायचं तर भाषा हवी. पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली आत्तापासून घे; दुभाष्यामार्फत भरपाईचं भांडण सुटत नाही.

सायाळ
परवान्यांचं राहिलं. टांझानियात स्वयंसेवक आणि संशोधक दोघांनाही क वर्गाचा निवास परवाना लागतो; 'पर्यटक व्हिसावर या, बघून घेऊ' म्हणणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. संशोधनाला वेगळी परवानगी: केनियात नाकोस्टी हा विज्ञान आयोग, टांझानियात आधी तावीरी ही वन्यजीव संशोधन संस्था मग कॉस्टेक हा विज्ञान आयोग, युगांडात वन्यजीव प्राधिकरण आणि विज्ञान परिषद. स्थानिक सहकारी संशोधक आधीच शोधून ठेव. पाच-सहा महिने हातात धर. रक्त किंवा विष्ठेचे नमुने भारतात आणायचा बेत असेल तर सोडून दे. साइट्सचा (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) निर्यात परवाना, इकडचा आयात परवाना, यात वर्ष जातं. तिथल्याच प्रयोगशाळेत तपासणी करणं स्वस्त पडतं आणि तिथल्या विद्यार्थ्याचंही काम होतं.

गाडी शिक, गिअरची. केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका, नामिबिया सगळीकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, वर्षभर चालतो. लँड क्रूझरचं चाक एकटीला बदलता आलं पाहिजे. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करायची, आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरायची. लोक दुसरं विसरतात आणि वेगात टायर फुटतो.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य धरतात. केनिया-युगांडातून मुंबईत उतरताना या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवस विलगीकरण. दक्षिण आफ्रिकेला थेट जाताना लागत नाही, पण अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलताना बारा तासांहून जास्त थांबलीस तर जोहान्सबर्गला विचारतात. तिकीट काढतानाच तो थांबा तपास.