गर्भपातबंदी: धाक की देखावा?

खडीसाखर:
आयर्लंडने 1983 साली सार्वमत घेऊन गर्भपातबंदी घटनेत घातली. बाजूने सुमारे 67 टक्के. 2018 ला ती काढायला पुन्हा सार्वमत, तेव्हा बाजूने 66.4 टक्के. कायद्यात 'लोकांची नीती' उतरते म्हणतात. मग ती यातली कुठली? मला 1992 ची गंमत जास्त बोलकी वाटते. बंदी तशीच ठेवून मतदारांनी घटनेत भर घातली की गर्भपातासाठी परदेशी जाणाऱ्या बाईला अडवायचं नाही. पाप करा, पण समुद्रापलीकडे! 2001 मध्ये इंग्लंड-वेल्सच्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या बायका साडेसहा हजारांवर होत्या. बंदी काय ती तिकिटाला पैसे नसलेलीला.

रोखठोक_नगरकर:
सोयीचा आकडा उचललात. 2018 मध्ये तिकडे गेलेल्या 2,879. कायदा सैल झाला आणि 2019 मध्ये आयर्लंडमध्येच 6,666. धाक नव्हता म्हणता? चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचं कलम काढतो का आपण?

खडीसाखर:
टपालाने गोळ्या मागवणाऱ्या त्या 2,879 मध्ये नाहीत. थोडा धाक असेलही, मान्य. पण दुप्पट वगैरे नाही.

माईची_लेक:
आपल्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा 1971 चा कायदा येण्याआधी दंडसंहितेचं 312 कलम, म्हणजे गर्भपात हा गुन्हा, होतंच की. आई तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स. ती सांगायची, बाई तापाने फणफणलेली, लुगडं भिजलेलं, आणि केसपेपरवर 'विहिरीवर पाय घसरला'. सोबत सासू, तोंडावर पदर. आई म्हणे, आमच्या गावच्या विहिरी फारच निसरड्या होत्या बाई. पोलिसांना कुणी कधी कळवलं नाही. डॉक्टरांनीही नाही.

रोखठोक_नगरकर:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण एक सांगा. गर्भलिंग निदानाची बंदी तुम्हा सगळ्यांना हवी ना? 1994 चा कायदा असून 2011 च्या जनगणनेत बीडला हजार मुलग्यांमागे 807 मुली. तिथे 'बंदीने काही होत नाही' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे कायदा आपल्या नीतीचा असला की चालतो.

माईची_लेक:
प्रश्न बरोबर आहे, मलाही टोचतो. पण तो कायदा सोनोग्राफीवाल्याला आणि घरच्यांना धरतो. बाईवर नवऱ्याने, सासरच्यांनी सक्ती केली असं कायदाच गृहीत धरतो. 312 मध्ये बाई स्वतःच आरोपी होती.

बेळगावकर:
आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर आमच्या बेळगावची सविता हलप्पनवार आठवा. 2012, गॉलवे. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक. तिने गर्भपात मागितला. ठोके चालू आहेत म्हणून नकार. 31 व्या वर्षी जंतुसंसर्गाने गेली.

रोखठोक_नगरकर:
चौकशीत संसर्ग ओळखायला उशीर झाल्याचंही निघालं. ते कायद्याच्या माथी कशाला?

बेळगावकर:
उशीर झाला, खरंय. पण ठोके थांबायची वाट कुणाच्या भीतीने बघत होते?